हत्तीची वही

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत हत्तीचे रान नाही. आमच्याकडील हत्ती दगडांत आहेत, जुन्या मिरवणुकींच्या आठवणींत आहेत आणि प्रवासवर्णनांत आहेत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास बीदरला राहिला व सुलतानाच्या स्वारीतील चिलखत घातलेल्या हत्तींविषयी त्याने लिहून ठेवले. ती राज्ये गेली, तसे ते हत्तीही गेले. तेव्हा या भागातील एका वकिलाने हत्तींच्या शास्त्रीय नोंदी सर्वांस खुल्या असाव्यात की नसाव्यात या वादात पडावे, हे कोणास अनाठायी वाटेल. परंतु प्रश्न हत्तीपुरता नाही. एखाद्या मुक्या जीवाविषयी आपण जे ज्ञान मिळवितो ते कोणाचे? मिळविणाऱ्याचे, पैसा पुरविणाऱ्याचे, की त्या जीवाच्या हिताची ज्यांना काळजी आहे अशा सर्वांचे? या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आमच्याच मातीत लिहिले गेले आहे, असे मी म्हणणार आहे. आणि ते केवळ गावाभिमानाने नव्हे.

प्रथम प्रसंग सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील जैन मठात १९९२ सालापासून असलेली महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार, व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारल्यावर, गुजरातेत जामनगरजवळच्या केंद्रात नेण्यात आली. गाव रडले. ३ ऑगस्टला हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेली. त्या दिवसांत आमच्या न्यायालयातील वकिलांच्या खोलीतही दोन तट पडले होते. एका पक्षाचे म्हणणे, हत्तिणीच्या पायांना जखमा आहेत, नखे वाढली आहेत, सांधे धरले आहेत, कळपात राहणारा हा प्राणी वर्षानुवर्षे एकटा उभा आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, ती गावाची लेक आहे, धडधाकट आहे, आणि ज्यांनी तिला कधी घास दिला नाही त्यांनी तिच्या सुखाची चिंता वाहू नये. दोन्ही पक्षांत सज्जन माणसे होती. मला नवल वाटले ते एका गोष्टीचे: पाय दुखतो की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न नव्हे. तो पाहण्याचा, मोजण्याचा आणि लिहून ठेवण्याचा प्रश्न आहे. न्यायालयापुढे अहवाल होते, छायाचित्रे होती, निकालपत्रात त्यांचा ऊहापोहही आहे. पण निकालपत्र इंग्रजीत. गावापर्यंत पोहोचला तो निकाल, कारणे नव्हेत. तेहतीस वर्षे त्या हत्तिणीचे वजन, आहार, चालणे, पायांची तपासणी यांची साधी वही मठाच्या भिंतीवर टांगलेली असती आणि ती कोणाही भाविकास वाचता आली असती, तर गावाचे म्हणणे खरे असल्यास ते वहीनेच सिद्ध केले असते. आणि खरे नसल्यास गावाला ते बाहेरच्यांच्या कितीतरी आधी कळले असते.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. जामनगरच्या त्या संस्थेविरुद्धही तक्रारी गेल्या. २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या नेतृत्वाखाली चौकशी पथक नेमले. पथकाने संस्थेला निर्दोष ठरविले आणि १५ सप्टेंबरला न्यायालयाने तो निष्कर्ष मान्य केला. अहवालाचा सारांश आदेशात आला. मूळ अहवाल मात्र मोहोरबंद राहिला. त्याची प्रत संस्थेला मिळाली, ती इतर कोणास दाखवावयाची नाही या अटीवर. निष्कर्षाबद्दल मला शंका घ्यावयाची नाही. न्यायालयापुढे जे होते ते माझ्यापुढे नाही. परंतु ‘माझ्यापुढे नाही’ हेच तर दुखणे आहे. नांदणीच्या म्हातारीला आपली हत्तीण सुखात आहे एवढेच हवे होते. तिला ‘विश्वास ठेवा’ असे सांगितले गेले. मठही तिला इतकी वर्षे दुसरे काय सांगत होता?

आता आमच्या मातीतील उत्तर. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे मिताक्षराकार विज्ञानेश्वराचे गाव म्हणून दाखवितात. तो कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला होता, आणि ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याच्या टीकेने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा कायदा आठशे वर्षे चालविला. त्या कायद्यात विद्याधनाचा एक नाजूक प्रश्न आहे. एका भावाने विद्येच्या बळावर धन मिळविले. वाटणीच्या वेळी ते कोणाचे? उत्तर असे की वडिलार्जित द्रव्याला तोशीस न लावता मिळविले असेल तर त्याचे एकट्याचे. घरच्या खर्चाने शिकून मिळविले असेल तर सर्वांचे. हा नियम किती कडक होता हे १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे दिसले: कुटुंबाच्या पैशाने शिकून सनदी नोकरीत गेलेल्या एकाची कमाई एकत्र कुटुंबाची ठरली. सुशिक्षितांत खळबळ उडाली, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने १९३० साली कायदा होऊन विद्याधन मिळविणाऱ्याच्या मालकीचे झाले. ते योग्यच झाले. पगार हा घामाचा असतो. पण जुन्या नियमाच्या गाभ्यात एक नैतिक जाणीव होती ती त्या कायद्याने खोटी पाडली नाही: समाईक भांडारातून जे उगवले त्यावर समाईकांचा काही हक्क उरतो.

येथे कोणी सुभाषित आठवून म्हणेल की विद्या ही भावांत वाटली जात नसते, आणि दिल्याने ती वाढते. बरोबर आहे. सुभाषितकार विद्येविषयी बोलतो, स्मृतिकार तिच्या फळाविषयी. शेत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, म्हणून वाटणीचे भांडण. हत्तींच्या कळपाची नोंद शंभरांनी वाचली तरी पहिल्याच्या हातची एक ओळही कमी होत नाही. मग ज्या वस्तूच्या वाटणीत कोणाचाच तोटा नाही, आणि जी सरकारी रानात, सरकारी पैशाने, वनरक्षकांच्या पायपिटीतून जमली आहे, तिला कुलूप लावण्याचे समर्थन फार भक्कम असावे लागेल. केंद्र सरकारने २०१२ साली आधारसामग्रीच्या खुलेपणाचे जे धोरण स्वीकारले त्याचा आशयही हाच आहे. धोरण आहे, आचरणाविषयी न बोललेले बरे.

परंतु वाटणीचा दृष्टान्त येथे पुरा पडत नाही. कारण या कुटुंबातील मुख्य हक्कदार बोलू शकत नाही. देवळाशी संबंध असलेल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या कायद्यात देवता ही व्यक्ती आहे, आणि ती अज्ञान बालकासारखी आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीला तिचे स्वतःचे हित असते, व ते मांडण्यास तिला स्वतंत्र पालक द्यावा लागतो, असे मानले. सेवेकऱ्याला मान असतो, उत्पन्नात वाटाही असतो, पण देवाची मिळकत त्याची नसते, आणि हिशेब मागितल्यावर ‘देवाचा आणि माझा काय तो व्यवहार’ असे म्हणण्याची त्याला मुभा नसते. हत्तीला कायद्याने असे व्यक्तित्व दिलेले नाही. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत काय याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा सूर निराळा होता आणि २०२३ चा निराळा लागला. तो वाद बाजूला ठेवू. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने जो बोलतो, मग तो मठ असो, वनखाते असो, शास्त्रज्ञ असो की प्राणिमित्र संस्था, तो विश्वस्त आहे. आणि हत्तीविषयीच्या नोंदी हा त्या विश्वस्ताचा हिशेब आहे. हिशेब हा विश्वस्ताची मालमत्ता नसतो.

हत्तीची वही ठेवण्याची कल्पना काही नवी नाही. कौटिल्याने हत्तींच्या रानावरील अधिकाऱ्यांना सांगितले आहे की लिदीवरून, पावलांवरून, निजण्याच्या जागांवरून आणि नदीच्या ढासळलेल्या काठांवरून कळपाचा अंदाज घ्यावा, आणि कळपातला, एकटा फिरणारा, चुकलेला, म्होरक्या, माजावर आलेला, पिलू, बंधनातून सुटलेला अशा प्रत्येक हत्तीची लेखी नोंद ठेवावी. ती वही राजाची होती. हत्ती हे सैन्य होते आणि सैन्याची मोजदाद शत्रूला सांगावयाची नसते. तेव्हाच्या गुप्ततेला कारण होते. विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर याने मात्र ११२९ च्या सुमारास, म्हणजे बसवकल्याणातच, मानसोल्लास लिहिला आणि त्यात हत्तींची आठ वने, त्यांच्या सीमा, हत्ती पकडण्याच्या रीती हे सारे ग्रंथात घालून ठेवले. त्या वनांत आमच्या कोकणी वाचकांचे अपरान्त आहे, आणि सौराष्ट्र व पंचनदही आहेत. आज सौराष्ट्रात किंवा पंजाबात रानटी हत्ती नाही. तेथे तो एके काळी होता हे आपण जाणतो ते असल्या याद्या कोणाच्या पेटीत कुजल्या नाहीत म्हणून. (जामनगर सौराष्ट्रात आहे. अनेक शतकांनी हत्ती तेथे परतला तो वाहनात बसून.) कौटिल्याची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ साली शामशास्त्र्यांच्या हाती लागली आणि १९०९ साली छापून सर्वांची झाली. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. तो आनंदाश्रम ज्या महादेव चिमणाजी आपट्यांनी १८८८ साली उभारला ते हायकोर्टाचे वकील होते, ही गोष्ट आमच्या धंद्याच्या बाजूने क्वचितच सांगितली जाते. घराघरांतल्या, फडक्यात गुंडाळलेल्या पोथ्या मागून आणणे, त्या ताडून पाहणे आणि परवडेल अशा किमतीला छापणे हे त्यांचे काम. आज ज्याला ‘डेटा खुला करणे’ म्हणतात ते याहून फार निराळे नाही.

लिदीची नोंद आजही चालू आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०२१ ते २०२५ या काळात केलेल्या गणनेत २१,०५६ लिदीचे नमुने गोळा झाले. त्यांतील जनुकांच्या ठशांवरून ४,०६५ निरनिराळे हत्ती ओळखले गेले, आणि त्यावरून सबंध देशातील रानटी हत्तींचा अंदाज २२,४४६ असा ठरला. एकट्या कर्नाटकात ६,०१३. २०१७ च्या गणनेतील आकडा २९,९६४ होता. पद्धत बदलल्यामुळे या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये, असे शास्त्रज्ञ सांगतात, आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु हा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वी, २०२४ सालीच त्याचा एक छापील मसुदा रोखून ठेवल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली होती. ईशान्येकडील नमुन्यांचे काम अपुरे आहे असे कारण देण्यात आले. कारण खरेही असेल. तथापि अपुरा हिशेब ‘अपुरा’ असे वर लिहून दाखविता येतो. ज्या घरात आकडा उतरल्याबरोबर वही आत नेली जाते, त्या घराची पुढे चढत्या आकड्याची वहीही कोणी खरी मानत नाही. आणि पद्धतीतील फरकाचे प्रामाणिक स्पष्टीकरणही मग सबबीसारखे ऐकू येते.

आता दुसरी बाजू. ती दुर्बल नाही. २०१३ साली पन्ना येथील एका वाघाच्या गळ्यातील यंत्राचे संदेश ज्या टपालपेटीत येत, ती उघडण्याचा प्रयत्न दूर पुण्याहून झाल्याचे आढळून आले. प्रयत्न फसला. पण रानातल्या प्राण्याचा आजचा ठावठिकाणा जगाला सांगणे म्हणजे काय, हे त्यावरून ध्यानात यावे. आशियाई हत्तींत मोठे सुळे नरालाच असतात. सुळेवाला नर अमुक ओढ्याकाठी आज सकाळी होता ही ओळ शिकाऱ्याच्या हाती गेली तर ती रुपयांत मोजली जाते. अशी ओळ झाकणे हे पालकाचे कर्तव्य आहे. देवाचे दागिने किती आणि कोणते याची यादी खुली असावी; त्यांच्या पेटीची किल्ली कोठे ठेवली आहे हे दारावर लिहू नये.

पण याच ठावठिकाण्याची दुसरी गोष्ट ऐका. अनामलै डोंगरातील वालपारै येथे चहाच्या मळ्यांतून हत्ती हिंडतात. तेथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी, हत्ती संध्याकाळी कोणत्या मळ्याजवळ आहेत हे मजुरांना दूरध्वनीवरील संदेशांनी, स्थानिक दूरचित्रवाणीवरून आणि उंच खांबांवरील तांबड्या दिव्यांनी कळविण्याची व्यवस्था बसविली. अंधारात अवचित गाठ पडून मरणाऱ्यांची संख्या घटली. आणि माणूस मेला नाही म्हणजे हत्तीवरचा रागही पेटत नाही. येथे तोच ठावठिकाणा उघड करण्यात हत्तीचे रक्षण झाले. दोडामार्ग-सिंधुदुर्गाच्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको. २००२ साली कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींनी तेथील केळी-माडांची काय दशा केली ते त्यांनी पाहिले आहे. २०२५ साली ओंकार नावाचा नर सिंधुदुर्गातून गोव्यात पेडण्याकडे गेला, तेव्हा त्याला तीन राज्यांची वनखाती आहेत याची कल्पना नसणार. माडाखाली झोपडी असलेल्या माणसाला रात्री आठ वाजता जी माहिती हवी, ती पणजी, मुंबई आणि बंगळुरू यांच्या पत्रव्यवहारात अडकून चालत नाही.

म्हणजे एकच ओळ एका ठिकाणी झाकावी आणि दुसऱ्या ठिकाणी उघडावी असे होते. मग कसोटी कोणती? माझ्या मते ती एका प्रश्नात सांगता येते: हा पडदा कोणाला झाकतो? हत्तीला, की हत्तीच्या पालकाला? सुळेवाल्याचा आजचा ठिकाणा झाकला, तर झाकला जातो हत्ती. त्याच्या मृत्यूचे कारण झाकले, पिंजऱ्यातील त्याच्या पायाचा रोग झाकला, रानातून जाणाऱ्या त्याच्या वाटेचा नकाशा झाकला, तर झाकला जातो तो कोणाचा तरी हलगर्जीपणा किंवा कोणाचा तरी भूखंड. निलगिरीतील सिगूरच्या हत्तीवाटेचा खटला आठवावा. रिसॉर्टवाल्यांचा मुख्य आक्षेप नकाशावरच होता. १४ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हत्तींच्या बाजूने निकाल दिला खरा, पण त्यापूर्वी सुमारे दशकभर झगडावे लागले. काळाची सोयही आहे. आंतरराष्ट्रीय करारान्वये चालणारी ‘माइक’ ही योजना ठिकाणागणिक व वर्षागणिक किती मृत हत्ती आढळले आणि त्यांतील किती बेकायदा मारलेले होते ते प्रसिद्ध करते. म्हैसूरचे राखीव क्षेत्र त्यात आहे. गेल्या वर्षीच्या कलेवरांची संख्या वाचून शिकाऱ्याला काही मिळत नाही. सरकारला मात्र लाज वाटू शकते.

शास्त्रज्ञांच्या तक्रारीकडेही कान द्यावयास हवा. ज्या मुलीने चार पावसाळे जळवा उपटत कळपामागे काढले, तिच्या नोंदी पहिल्याच दिवशी सर्वांपुढे टाकल्या तर वातानुकूल खोलीतला दुसरा कोणी त्यावर आधी निबंध लिहील. हे अन्यायाचे आहे. विद्याधनाचा १९३० चा कायदा येथे तिच्या बाजूने उभा राहतो: तिचे नाव, तिची पदवी, तिचा पहिला निबंध हे तिचे. त्यासाठी दोन-तीन वर्षांची मुदत असावी. मुदत म्हणजे मालकी नव्हे. आफ्रिकेत २०१४-१५ साली विमानांतून झालेल्या मोठ्या गणनेत अठरा देशांत ३,५२,२७१ हत्ती मोजले गेले. त्याचा निबंध २०१६ साली, कोणीही विनामूल्य वाचावा अशा नियतकालिकात आला, आणि म्हणून आफ्रिकेतला शाळामास्तरही तो वाचू शकला. आमच्याकडे २०२५ च्या आरंभापासून सरकारी शिक्षणसंस्थांना जगातील नियतकालिके एकाच वर्गणीत मिळू लागली, हे चांगले झाले. देवस्थानचा पंच, केळीचा बागायतदार किंवा जिल्हा न्यायालयातला वकील मात्र त्या दाराबाहेरच आहे; त्याला एक निबंध वाचावयाचा तर दोन-तीन हजार रुपये मोजावे लागतात. आणि निर्णय तर तोच घेणार असतो.

आपल्या देवळांचे काय? २०१९ साली सरकारने सर्वोच्च न्यायालयास सादर केलेल्या मोजणीत देशात २,४५४ पाळीव हत्ती होते, आणि त्यांत देवस्थानांचेही आहेत. २०२४ च्या नियमांनी हत्तीचे हस्तांतर करण्यापूर्वी त्याच्या जनुकांची नोंद सरकारदरबारी असणे आवश्यक केले आहे. ती नोंद हत्ती कोणता हे सांगेल. तो कसा आहे हे सांगणार नाही. तो कसा आहे हे माहुताला माहीत असते. कोणत्या पायावर भार टाकताना तो कचरतो, पाणी किती प्याला, रात्री किती वेळ आडवा झाला, कोणत्या वाद्याला बिचकतो, हे सारे त्याच्या डोक्यात असते. आणि शास्त्रज्ञांच्या निबंधात त्याचे नाव बहुधा शेवटच्या आभारातही येत नाही. दानपेटी उघडताना आपण पाच जण साक्षीला बसवितो, नारळांचा आणि तुपाचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवितो. त्याच सभेत माहुताने उठून हत्तीची वही वाचावी, त्याला लिहिता येत नसल्यास त्याने सांगावी व चिटणीसाने लिहून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी ती नैवेद्याच्या वेळापत्रकाशेजारी लावावी, यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.